भिरंडाचे आम्ल

भिरंडाच्या कुळातल्या आंबटपणाला रसायनशास्त्राने स्वतःचे नाव दिले ते १९६५ साली. त्याआधी कित्येक शतके ही फळे गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या कुळागरांत पिकत होती, त्यांची सोले वर्षभर हुमणात, म्हणजे माशाच्या कालवणात, पडत होती, आगळ बरण्यांत भरून ठेवला जात होता. प्रयोगशाळेच्या दप्तरी मात्र या आंबटाची नोंद परक्या फळांच्या खात्यावर होती: कधी चिंचेच्या, कधी लिंबाच्या. ज्या फळाने आमच्या जेवणाची चव ठरवली, त्याच्या आम्लाची ही कुळकथा सांगण्यासारखी आहे.

आधी नावे. पेडण्यात झाड भिरंडीचे, फळ भिरंड, वाळवलेली साल ती सोल, आणि मिठात उतरलेला रस तो आगळ. तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडीच्या बाजूला गेले की तेच फळ रातांबा होते आणि सालीला आमसूल म्हणतात. पुणे-मुंबईकडे सगळ्यालाच कोकम. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेला तो १७८८ मध्ये, म्हणून घाटाखालच्या त्या मुलखाशी आमची सोयरीक, भाषा आणि स्वयंपाक अजून जुळतात. तरी ‘भिरंड’ हा शब्द आम्ही सोडला नाही. या शब्दाने केलेला प्रवास तर थक्क करणारा आहे.

१५६३ साली गोव्यात एक पोर्तुगीज पुस्तक छापले गेले. लेखक वैद्य गार्सिया द ओर्ता. तो १५३४ मध्ये गोव्यात आला आणि इथेच राहिला. इथल्या औषधी, फळे, मसाले यांवर त्याने संवादरूपात ग्रंथ लिहिला. त्यातल्या बोरांवरच्या संवादात बोरांच्या जोडीने ‘ब्रिंदांव’ नावाचे फळ येते. हे आमचे भिरंड. आतून लालभडक आणि फार आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचे, साल राखून ठेवून तिच्यापासून व्हिनेगर करतात, अशी त्याची नोंद आहे. म्हणजे साडेचारशे वर्षांपूर्वी एका युरोपीय माणसाने भिरंडाकडे पाहिले तेव्हा त्याला त्यात पहिल्यांदा दिसले ते आम्लच. त्याच्या ओळखीचे आम्ल द्राक्षाच्या दारूचे, म्हणून त्याने या सालीला व्हिनेगरच्या रांगेत बसवले. त्या वेळी पेडणे पोर्तुगीजांकडे नव्हते. शापोरा नदीच्या दक्षिणेला बार्देश त्यांचे, उत्तरेला पेडणे विजापूरच्या आदिलशाहीत. पुढे बार्देशच्या ख्रिस्ती घरांत माडाच्या सुरेचे व्हिनेगर रुजले, विंदालू आणि सोरपोतेल त्याच्यावर उभे राहिले. नदीच्या अलीकडे आमच्या हुमणात सोलच राहिली.

ओर्ताच्या नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच वनस्पतिज्ञ द्यु पेती-थुआर याने या झाडाला ‘ब्रिंडोनिया इंडिका’ असे नाव दिले. पोर्तुगीज ‘ब्रिंदांव’वरून लॅटिन ‘ब्रिंडोनिया’, आणि मुळाशी भिरंड. काही काळ तरी जगाच्या वनस्पतिशास्त्रात एका प्रजातीचे नाव आमच्या बोलीतून गेलेले होते. १८२४ मध्ये जिनिव्हाच्या श्वाझी याने हे झाड आधीपासून प्रस्थापित असलेल्या ‘गार्सिनिया’ प्रजातीत घातले आणि तेव्हापासून ते ‘गार्सिनिया इंडिका’ आहे. पुष्कळांना वाटते की हे नाव गार्सिया द ओर्ताचे. ते तसे नाही. लॉरां गार्सॅं या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील शल्यवैद्याच्या स्मरणार्थ लिनियसने ते ठेवले. गार्सॅंने मँगोस्टीनचे वर्णन केले होते, भिरंडाशी त्याचा संबंध नव्हता. ज्याने गोव्यात राहून भिरंडाची साल हाताळली त्या ओर्ताचे नाव या झाडावर नाही, याची मला हळहळ वाटते.

संस्कृतात या फळाला ‘वृक्षाम्ल’ म्हणतात. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत हे नाव येते. ‘अम्ल’ हा तिथे सहा रसांपैकी एक रस आहे, म्हणजे जिभेला कळणारी चव. मराठीत आपण हाच शब्द रसायनशास्त्रासाठी घेतला, मराठी विश्वकोशाने ‘अम्ल’ आणि शाळेच्या पुस्तकांनी ‘आम्ल’ म्हणून. पण बोलण्यात त्याचे तीन तुकडे झाले आहेत. जिभेला लागते ते आंबट, पुस्तकात असते ते आम्ल, आणि बाटलीत असते ते अ‍ॅसिड. सोनाराकडचे तेजाब हे अ‍ॅसिडच्याच घरातले, त्या फारसी शब्दाचा अर्थ तीक्ष्ण पाणी. सोलाच्या कढीत अ‍ॅसिड आहे असे कुणाला सांगितले तर तो वाटी खाली ठेवतो. आंबट आहे म्हटले तर दुसरी वाटी मागतो. वस्तू एकच आहे. पाण्यात विरघळली की हायड्रोजनचे आयन सुटतात, ते जिभेला आंबट लागतात. भिरंडाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो, म्हणजे लिंबाच्या तोडीचा.

हा आंबटपणा कोणत्या पदार्थाचा, याचा शोध युरोपात अठराव्या शतकात लागू लागला. स्वीडनच्या कार्ल शेले या औषधविक्रेत्याने द्राक्षाच्या दारूत साचणाऱ्या खड्यांपासून टार्टारिक आम्ल वेगळे केले, १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्ल मिळवले आणि पुढच्याच वर्षी सफरचंदातून मॅलिक. सायट्रिक हे नाव लिंबाच्या लॅटिन नावावरून, मॅलिक सफरचंदाच्या. ज्या फळातून आम्ल पहिल्यांदा निघाले त्याचे नाव त्याला मिळाले. लिंबू आणि द्राक्ष प्रयोगशाळेच्या दारातच होते. भिरंड पोहोचायला पावणेदोनशे वर्षे लागली, आणि तेही आधी स्वतःच्या चेहऱ्याने नाही.

या कुळातले मलबारकडचे भावंड म्हणजे केरळात कुडमपुळी म्हणतात ते फळ. माशाच्या कालवणात तेही सोलासारखेच पडते. पश्चिम किनाऱ्यावर बांगडा मिठात आणि या सालींत पिंपात मुरवून कोलंबोला पाठवण्याची पद्धत होती, तिला कोलंबो क्युरिंग असे नाव पडले. १९३१ मध्ये कुरियन आणि पंड्या या रसायनज्ञांनी या वाळलेल्या सालीतल्या आम्लांचा अभ्यास केला आणि त्यात चिंचेतले टार्टारिक आणि लिंबातले सायट्रिक आम्ल असल्याचे सांगितले. पुढची तीसेक वर्षे हे खरे मानले गेले. त्यात अप्रामाणिकपणा नव्हता. सालीतले आम्ल वागते बरेचसे त्या दोघांसारखे, आणि त्या काळच्या पद्धतींना त्यांच्यातला फरक सहज दिसत नव्हता.

म्हैसूरला चेलुवांबा प्रासादात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिथले वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी कुडमपुळीच्या सालीतले आम्ल शुद्ध रूपात वेगळे काढून त्याची पूर्ण तपासणी केली आणि १९६५ मध्ये ‘फायटोकेमिस्ट्री’ या नियतकालिकात जाहीर केले की ते टार्टारिकही नाही, सायट्रिकही नाही. ते आहे ऋण हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल. भिरंडातही मुख्य आम्ल हेच असल्याचे दिसून आले. भिरंडाच्या सालीत ते वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर असते. नुसत्या सालीच्या तुकड्याने भांडेभर हुमण आंबट का होते, त्याचे उत्तर या आकड्यात आहे.

नावाचा उलगडा असा. सायट्रिक आम्लाच्या रेणूत सहा कार्बन, तीन आम्लगट आणि एक हायड्रॉक्सिल गट असतो. त्यावर आणखी एक हायड्रॉक्सिल चढला की हायड्रॉक्सिसायट्रिक. सायट्रिकमध्ये ऑक्सिजनचे अणू सात, यात आठ. एवढ्या एका अणूने मोठी गोष्ट घडते. सायट्रिक आम्लाच्या रेणूची आरशातली प्रतिमा त्याच्यावर तंतोतंत बसते. नव्या गटामुळे दोन कार्बन असे होतात की त्यांना उजवे-डावे येते, म्हणून या आम्लाचे चार प्रकार शक्य आहेत. चौघांचे रासायनिक सूत्र एक, पण अवकाशातली ठेवण वेगळी. भिरंडात त्यांतला एकच सापडतो. त्याच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश जाऊ दिला की प्रकाशाची पातळी डावीकडे वळते, म्हणून नावाआधी ‘ऋण’. लाल अंबाडीच्या बोंडांत दुसरा प्रकार असतो. हे आम्ल साठवून ठेवले किंवा तापवले की पाण्याचा एक रेणू टाकून स्वतःशीच कडे करते, त्या रूपाला लॅक्टोन म्हणतात. अंबाडीतल्या लॅक्टोनला हिबिस्कस आम्ल म्हणतात, आमच्याकडच्याला गार्सिनिया आम्ल. म्हणजे शेवटी झाडाचे नाव आम्लाला मिळाले, पण ते फार थोड्यांच्या तोंडी आहे. मुख्य नाव लिंबाचेच राहिले.

आता प्रयोगशाळेतून घरात येतो, कारण या आम्लाची खरी हाताळणी तिथे होते. भिरंडे पिकतात एप्रिल-मेमध्ये आणि मृगाचा पाऊस उंबरठ्यावर असतो. पहिल्या सरींच्या आत सोल वाळली पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. फळ धुऊन दोन भाग करायचे, बिया गरासकट काढायच्या, सालींत मीठ घालायचे. मीठ पाणी ओढून घेते आणि दाट जांभळा-लाल रस सुटतो. सकाळी साली त्या रसात बुडवून काढायच्या, खळ्यात किंवा गच्चीवर पसरायच्या, संध्याकाळी परत रसात. रस सुकतो, पुन्हा चढतो, साल आकसत जाते. लाल रंग काळपट होतो, साल चिवट आणि मऊ राहते, बोटाला मीठ लागते. पाणी उडून जाते, आम्ल उडत नाही. प्रत्येक पुटाने ते सालीत दाटत जाते. म्हणूनच वर्षभर टिकणारी सोल जुन्या हाताने केलेली असली तर चार-पाच तुकडे पुरतात. घाईने एकदाच वाळवलेली आणि वर मीठ भुरभुरलेली सोल बाजारात मिळते. ती कडक असते, मोडते, आणि हुमणाला चढत नाही. घेताना वाकवून पाहावी.

मिठाचाही इथे एक जुना धागा आहे. पेडण्यात आगरवाडा गाव मिठागरांसाठी ओळखला जातो. शापोऱ्याच्या खाऱ्या पाण्यावर तिथे मीठ पिकते. मीठ आणि भिरंड दोन्ही आमच्याच तालुक्यातली, दोन्ही उन्हाळ्यातली, दोन्ही पावसाआधी आवरायची. मिठाने जंतू आवरतात, आम्लाने उरलेले आवरतात. फ्रिज नसताना हुमण दुसऱ्या दिवशी चालायचे, कालच्या कढीची चव आजच्यापेक्षा बरी लागायची, त्यात या दोघांचा वाटा होता.

आगळ धातूच्या भांड्यात ठेवत नाहीत. मातीचे, चिनी मातीचे किंवा काचेचे भांडे लागते. आम्ल तांब्या-पितळेला खाते. तेच खाणे उपयोगी पडते जेव्हा काळे पडलेले तांब्याचे भांडे चमकवायचे असते. सोलाचा चोथा घासला की काळा थर सुटतो. भिरंडेल ही वेगळीच गोष्ट. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगते आणि गार होताना गोठते. ते हाताने वळून गोळे करतात. तळहातावर चोळले की ते मऊ होते, त्याचा वितळणबिंदू चाळीस अंशांच्या जवळ आहे. थंडीत टाचा फुटल्या की हेच. ते मेद आहे, आम्लाशी त्याचा संबंध नाही, पण भिरंडाचे काही वाया जात नाही हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

व्हिनेगर आणि सोल यांतला फरक चुलीवर कळतो. व्हिनेगरचे आम्ल उडते, उकळताना नाकात जाते. सोलाचे आम्ल भांड्यातच राहते. लिंबू पिळतात ते शेवटी, कारण त्याचा वास उकळला की जातो. सोल उकळत्या हुमणात घालता येते, तिला वासाची चिंता नाही. बांगड्याला तिरफळे आणि सोल, तारल्यांना सोल जास्त. हंगामात कैरी आली की सोलेला रजा, आंबाडे आले की आंबाडे, बिंबली असली की बिंबली. एखादीच्या बेतात चिंच असते. पेडण्यातल्या बाईला रसायनशास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण कोणते आंबट कोणत्या माशाला हे तिने ठरवलेले होते, आणि ते बरोबर होते.

सोलकढीत आणखी एक गोष्ट दिसते. आगळ काळपट लाल असतो. त्यात नारळाचा रस पडला की गुलाबी रंग येतो. भिरंडाचा लाल रंग अँथोसायनिन जातीचा आहे आणि तो आम्लात लाल राहतो. कपड्यावर आगळ सांडला आणि साबण लावला की डाग निळसर होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. सोलकढी तापवत नाहीत, तापवली की फाटते. नारळाच्या रसातली प्रथिने आम्लात तापली की गोठतात. नारळ न घालता सोलाच्या पाण्याला फोडणी देऊन जी कढी करतात तिला आमच्याकडे फुटी कढी म्हणतात.

१९६९ मध्ये या आम्लाच्या नशिबी वेगळे वळण आले. अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हे आम्ल शरीरातल्या एका विकराला अडवते. तो विकर सायट्रेट फोडून चरबी तयार करण्याचा कच्चा माल देतो. हायड्रॉक्सिसायट्रेट सायट्रेटसारखेच दिसते, त्यामुळे विकराच्या जागेत जाऊन बसते आणि काम थांबवते. उंदरांवरचे प्रयोग आशादायक निघाले. मग १९९० च्या दशकात वजन घटवणाऱ्या गोळ्या आल्या, डब्यांवर गार्सिनियाचे नाव आले, आणि ज्या शब्दाला रसायनज्ञांशिवाय कोणी ओळखत नव्हते तो जाहिरातीत चढला. १९९८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. वजन जास्त असलेल्या १३५ जणांना १२ आठवडे एकतर हा अर्क किंवा नुसती बनावट गोळी दिली. दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २००९ मध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदींनंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका प्रसिद्ध ब्रँडची वजन घटवण्याची उत्पादने वापरू नका असा इशारा दिला. त्यांतल्या काहींत गार्सिनियाचा अर्क होता, सोबत इतरही घटक होते.

हे सांगण्याचे कारण असे की आता काही दुकानांत सोलीच्या पाकिटावरही ‘वजन घटवते’ असे छापलेले दिसते. भिरंडावर हा भार टाकू नये. चार सोलांच्या हुमणात जे आम्ल पोटात जाते ते चवीच्या मापाचे आहे. अर्क काढून गोळीत कोंबलेले आम्ल वेगळे, त्याची मात्रा वेगळी, आणि त्याची जबाबदारी सोलेवर नाही.

दुसरा गोंधळ ‘अ‍ॅसिडिटी’ या शब्दाचा. पोटात जळजळ झाली की मराठी घरात अ‍ॅसिडिटी झाली म्हणतात आणि लगेच सोलकढी पुढे येते. पोटातले आम्ल हायड्रोक्लोरिक, सोलेतलेही आम्लच, आणि आम्लाने आम्ल शमत नाही. आमच्याकडे अंगावर पित्त उठले की सोलीचे पाणी लावतात, जेवणानंतर सोलकढी घेतात, आणि माणसाला बरे वाटते. नारळाचा रस, गारपणा, मीठ, सवय यांचा त्यात वाटा असणार. ज्याला नेहमी जळजळ होते त्याने मात्र डॉक्टरांकडे जावे, वाटीभर कढीवर भिस्त ठेवू नये.

एक खंत मात्र सांगतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात नैसर्गिक आम्लांचा तक्ता आहे. व्हिनेगर, संत्रे, लिंबू, चिंच, टोमॅटो, आंबट दूध, मुंगीचा डंख, खाजकुयलीसारख्या वनस्पतीचा डंख असे त्यात येते. भिरंड नाही. गोव्याच्या मुलाने सायट्रिक आम्ल लिंबातून शिकावे, पण आपल्या घरच्या बरणीत त्याचेच एक अधिक हायड्रॉक्सिल असलेले भावंड आहे हे त्याला कुणी सांगत नाही. म्हैसूरच्या दोन भारतीय रसायनज्ञांनी ते ओळखून दिले, हेही त्याला कुणी सांगत नाही. सगळ्या देशाच्या तक्त्यात एका किनाऱ्याचे फळ घालता येणार नाही असे कुणी म्हणेल. पण पेडण्याच्या शाळेतल्या फळ्यावर घालायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रयोगाला खर्चही नाही. दोन-तीन सोले कोमट पाण्यात भिजत घालायची. लाल पाणी तीन पेल्यांत ओतायचे. एकात काही घालायचे नाही, दुसऱ्यात लिंबू पिळायचे, तिसऱ्यात खायचा सोडा चिमटीचिमटीने घालायचा. सोडा पडताच पेल्यात फेस येईल, कारण आम्लाने कर्बवायू सुटतो. आणखी सोडा घातला की लाल रंग निवळून जांभळा, मग निळसर होईल. लिंबाचा पेला लालच राहील. मग मुलांना विचारायचे: लिंबाच्या आम्लाला लिंबाचे नाव मिळाले, सोलेच्या आम्लालाही लिंबाचेच का मिळाले? उत्तरात शेले येईल, द्राक्षाच्या दारूतले खडे येतील, १९३१ येईल, १९६५ येईल. चौथ्या पेल्यात आगळ आणि नारळाचा रस ठेवावा, आणि तास संपल्यावर तो मुलांना पिऊ द्यावा.